डोक्यावर मूठ

बुधवारी सकाळी नऊ वाजून अडतीस मिनिटांनी डेरिक तुस्कानो गॅरेजमध्ये प्लगची फट मोजायची पट्टी शोधत होता. ती खिडकीच्या फळीवर, लोणच्याच्या बाटलीमागे असावी असं त्याला वाटलं, म्हणून त्याने बाटली उचलली.

बाटलीत लोणचं नव्हतं. पेट्रोल होतं, आणि त्यात दोन इंच लांबीचा काळ्या रबरी पाइपचा तुकडा. नऊ दिवसांपूर्वी तो त्यानेच कापून त्यात टाकला होता, दोन दिवसांनी बघू म्हणून. झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर त्याच्याच अक्षरात तारीख. ठेवताना पेट्रोल फिकट पिवळसर होतं. आता ते दूध न घातलेल्या चहासारखं दिसत होतं.

डेरिकने चिमट्याने तुकडा बाहेर काढला. वरून त्याला काही झालं नव्हतं. पिवळी रेघ होती, तिच्याखालची बारीक जपानी अक्षरंही होती. त्याने तो अंगठ्यात धरून दाबला. आतलं रबर चहात बुडवलेल्या पावासारखं सुटलं आणि त्याच्या बोटांना लागलं.

त्याच पाइपचा उरलेला सव्वा फूट या वेळी आगाशीच्या रस्त्यावर होता. तो सॅन्टन काकांच्या निळ्या गाडीत, इंजिनावर बसवलेला होता. गाडी डेरिकची मुलगी मर्लिन चालवत होती आणि शेजारी एक्याऐंशी वर्षांचे सॅन्टन काका बसले होते. गाडी गॅरेजमधून नऊ वीसला निघाली होती.

डेरिकने बोटं पुसली नाहीत. खिशातून फोन काढून मर्लिनला लावला. तिचा फोन त्याच्या पाठीमागेच, कामाच्या टेबलावर वाजायला लागला.

भिंतीवर खडूने लिहिलं होतं: ट्रायलला जाताना फोन इथे ठेवायचा. हा नियम डेरिकचा होता. चाचणी घेताना चालवणाऱ्याचे कान इंजिनाकडे हवेत, असं त्याचं म्हणणं. चार वर्षांत मर्लिनने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

सांडोरला केळीच्या वाडीमागे डेरिकचं हे गॅरेज. मर्लिन इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आली, मुंबईत नोकरी बघते म्हणाली आणि इथेच राहिली. गेले सात महिने दोघं एकाच इंजिनाच्या मागे होते. सॅन्टन काका मालवाहू जहाजांवर होते. त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी जपानहून ही दोन दारांची गाडी आणली, सतरा वर्षं चालवली, आणि इंजिन गेल्यावर घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवून दिली. ते दुरुस्त झालं नाही, कारण तसलं इंजिन इकडे कोणी बघितलेलंच नव्हतं.

साध्या इंजिनात दट्टे, म्हणजे पिस्टन, वरखाली होतात. या इंजिनात दट्टेच नाहीत. भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराच्या पोकळीत तिकोनी ओतीव तुकडा गरगर फिरतो, म्हणून याला रोटरी म्हणतात. तिकोनाच्या प्रत्येक टोकाला एक बारीक धातूची पट्टी, पट्टीखाली स्प्रिंग. पट्टी भिंतीला घासत फिरते आणि पेट्रोलचा जाळ जिथल्या तिथे अडवून धरते. दोन तिकोन, सहा पट्ट्या. त्यातली एक तुटली, तर तिचे तुकडे आतली भिंत खरवडून काढतात, आणि ती भिंत आता कुठेही मिळत नाही. मर्लिनने त्या सहा पट्ट्या बसवल्या त्या दिवशी डेरिक गॅरेजबाहेर जाऊन उभा राहिला होता. आत राहिलो तर आपला श्वास तिच्या हाताला लागेल, असं त्याला वाटलं होतं.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं ते लोखंडी स्टँडवर, सायलेन्सर न लावता. आवाज एवढा, की वाडीतल्या वटवाघळांनी भरदिवसा झाडं सोडली. बोलून काही उपयोग नव्हता, म्हणून बापलेकींनी हाताच्या तीन खुणा ठरवल्या. तळहात वर म्हणजे वाढव. तळहात खाली म्हणजे कमी कर. आणि डोक्यावर मूठ म्हणजे बंद.

"मूठ दिसली की विचारायचं नाही," डेरिकने सांगितलं होतं. "आधी चावी, मग प्रश्न."

"आणि तू उगाचच डोकं खाजवत असशील तर?"

"तरी आधी चावी."

पाइपचा विषय निघाला तो इंजिन गाडीत बसवताना. या इंजिनात कार्बोरेटर वर असतो, आणि त्याच्या बरोबर खाली धूर बाहेर नेणारा ओतीव लोखंडी नळा, मॅनिफोल्ड. रोटरीचा धूर साध्या इंजिनापेक्षा फार तापलेला असतो. जोरात चालवल्यावर तो नळा दिवसासुद्धा लालसर दिसतो. दोन्हींच्या मध्ये एक आडवा पत्रा असतो, तेवढाच. पेट्रोलचा पाइप त्या पत्र्यावरून जातो.

"पप्पा, हा पाइप बदलूया ना," मर्लिन म्हणाली होती. "नवा मीटरभर पडलाय कपाटात."

"स्पर्धेत परीक्षक बॉनेट उघडून बघतात. ह्याच्यावर मूळ अक्षरं आहेत बघ. मूळ पाइप, मूळ क्लिपा. असा अख्ख्या देशात दुसरा नसेल."

"पेट्रोल मूळ नाहीये पण."

त्याला हसू आलं होतं. पंपावर आता मिळतं त्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल असतं. नव्या गाड्यांचं रबर ते सोसतं, जुनं सोसेलच असं नाही, हे डेरिकला ठाऊक होतं. म्हणून त्याने पाइपच्या टोकाचा दोन इंच तुकडा कापला आणि बाटलीत टाकला. "दोन दिवसांनी बघू. फुगला तर बदलू." मग इंजिनाचं ट्यूनिंग सुरू झालं. दर तिकोनाला दोन प्लग, दोन्हींची ठिणगी वेगवेगळ्या क्षणी पडायला हवी, आणि तो क्षण थोडा जरी चुकला तरी आत पट्ट्यांवर घण बसल्यासारखा मार बसतो. बापलेकी आठवडाभर टायमिंग लाइट घेऊन वाकलेली होती. बाटली फळीवर राहिली.

बाटलीतला तुकडा आणि गाडीतला पाइप, दोन्ही नऊ दिवस एकाच पेट्रोलमध्ये होते.

डेरिकने फ्लॉसी आंटींना फोन लावला. त्या सॅन्टन काकांच्या पत्नी.

"आंटी, काकांकडे फोन आहे?"

"इथे चार्जिंगला लावलाय. तो कुठला नेतोय? का रे?"

"काही नाही. म्हटलं कुठपर्यंत पोचले बघू."

"तू बरा आहेस ना? धापा टाकतोयस."

"स्कूटरला किक मारतोय," डेरिक म्हणाला. त्याच्या स्कूटरला बटण होतं.

दाराशी आग विझवायचा लाल नळा, फायर एक्स्टिंग्विशर, उभा होता. कालपर्यंत तो गाडीत होता. काकांच्या पायात येतो, आणि नवीन गालिचावर त्याचा डाग पडेल, म्हणून डेरिकनेच तो काढून ठेवला होता. रविवारी मुंबईत जुन्या गाड्यांची स्पर्धा होती. त्याने नळा उचलला, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवला आणि गुडघ्यांनी आवळून धरला. घड्याळात नऊ चव्वेचाळीस झाले होते.

रस्ता ठरलेला होता: सांडोर, गिरीज, निर्मळ, आगाशी आणि त्याच रस्त्याने परत. नव्याने बांधलेलं इंजिन रुळावं म्हणून एका गतीने, न थांबता चालवायचं. म्हणजे गाडी पुढे गाठता आली नाही, तरी परतताना समोरून भेटणार होती नक्की. डेरिकने स्वतःला हे दोनदा सांगितलं. त्याची भीती त्यामुळे कमी झाली नाही, कारण त्याला इतरही गोष्टी माहीत होत्या.

गाडी चालत असेल तोवर पुढून वारा येतो. पेट्रोल गळलं तरी त्याची वाफ मागे उडून जाते. गाडी थांबली की वारा थांबतो, बॉनेटखाली उष्णता साठते, आणि पेट्रोल तापलेल्या लोखंडावर पडायला मोकळं होतं. मर्लिन थांबली, तर इंजिन लगेच बंद करणार नाही, हेही त्याला माहीत होतं. तापलेली रोटरी एकदम बंद करायची नाही, तीन मिनिटं हळू चालू ठेवायची आणि मग चावी फिरवायची, हे त्यानेच तिच्या डोक्यात भरवलं होतं. ती घड्याळ लावून तीन मिनिटं मोजायची. शिवाय काकांच्या बाजूचं दार आतून उघडत नव्हतं. आतला मूळ खटका तुटलेला होता. डेरिकने तिथे दुसऱ्या गाडीचा खटका बसवू दिला नव्हता.

गिरीजच्या वळणावर मार्गारेट भाजी घेऊन बसते. डेरिकने स्कूटर तिच्या टोपल्यांना लागेल एवढी जवळ घेतली.

"मर्लिन गेली का इथून?"

"गेली ना. सॅन्टन राजासारखा हात हलवत होता. तुझी गाडी माझ्या भेंडीला पेट्रोलचा वास लावून गेली."

"वास आला तुला?"

"मला काय, समोरच्या दुकानाला पण आला. का, नाय यायला पाहिजे?"

"परत आली का?"

"नाय अजून," मार्गारेट म्हणाली, आणि त्याच्या पायांतला लाल नळा बघून तिने टोपली रस्त्यातून मागे ओढली.

या इंजिनाला थोडासा पेट्रोलचा वास येतोच. पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून पेट्रोलात तेल मिसळलेलं असतं, ते पूर्ण जळत नाही. मर्लिनला वास आला असेल, तर तिने तो हाच समजला असणार. हेही डेरिकनेच शिकवलं होतं.

गिरीजच्या पुढे रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना माड, मध्ये केळी, कुंपणाला जास्वंद. दुसऱ्या वळणानंतर त्याला धूर दिसला. झाडांच्या वर, उजव्या हाताला, पांढरा, दाट. डेरिकचा हात ॲक्सिलरेटरवरून सुटला. स्कूटर आपोआप मंदावली. त्याला पुढे जायचं होतं आणि हात जात नव्हता. धुराचा रंग तो बघत राहिला. पेट्रोल आणि रबर जळलं तर धूर काळा असतो, हा पांढरा आहे, हे त्याच्या डोक्यात आलं, पण त्यालाही वेळ लागला. कुंपणाच्या फटीतून एक माणूस दिसला. तो दाताळ्याने सुकी पानं जाळावर ओढत होता.

डेरिकने पुन्हा वेग घेतला.

निर्मळला गाडी नव्हती. पुढच्या पुलावर नव्हती. समोरून येणारी प्रत्येक निळी वस्तू त्याला गाडी वाटत होती. एक टेम्पो, एक पाण्याची टाकी, एक शाळेची रिक्षा. गाडी आतापर्यंत परतीच्या वाटेवर भेटायला हवी होती. न भेटण्याचं कारण एकच असू शकत होतं. ती कुठेतरी थांबली होती.

आगाशीच्या बाजारात तो दहा वाजून सहा मिनिटांनी शिरला आणि आवाज ऐकला. इंजिन चालू होतं. मंद गतीत रोटरीचा आवाज दुसऱ्या कशासारखा नसतो. तो अडखळत, टाळ्या वाजवल्यासारखा येतो. सात महिने ऐकायला जीव टाकला होता तो हाच आवाज. आता तो बंद व्हावा, एवढंच त्याला हवं होतं.

बाजाराच्या चिंचोळ्या भागात दोन बस समोरासमोर आल्या होत्या. मागे घ्यायला कुणालाच जागा नव्हती. त्यांच्या मागे रिक्षा, हातगाड्या, मोटारसायकली, आणि या सगळ्यांच्या मध्ये निळी गाडी. डेरिक आणि गाडी यांच्यात साठेक पावलं होती, आणि त्या साठ पावलांत पाय ठेवायला जागा नव्हती. गाडीभोवती माणसं जमली होती. फोन वर झालेले होते. गाडीच्या डाव्या बाजूला, बॉनेटपासून चार हातांवर, वडापावची गाडी होती. तिच्यावर मोठी कढई आणि कढईखाली निळ्या ज्वाळांचं कडं.

"मर्लिन," त्याने हाक मारली. हाक त्याला स्वतःलाही नीट ऐकू आली नाही. दोन्ही बसचे चालक हॉर्नवर हात ठेवून बसले होते.

त्याने स्कूटर तिथेच आडवी सोडली, नळा काखेत मारला आणि एका किराणा दुकानाच्या ओट्यावर चढला. तिथून गाडीची मागची काच दिसत होती, आणि मर्लिनचं डोकं. ती समोर बसकडे बघत होती. ती बघत असणार तापमानाचा काटा, मग बस, मग पुन्हा काटा. आरशात ती बघणार नव्हती, कारण मागे तिला काही काम नव्हतं.

गाडीच्या उजव्या बाजूला मोटारसायकलवर एक तरुण बसला होता आणि गाडीचं चित्रीकरण करत होता. फोन फिरवत फिरवत त्याने तो ओट्यावरच्या माणसाकडे वळवला. डेरिकने त्याच्याकडे बोट दाखवलं, मग गाडीकडे, मग स्वतःच्या डोळ्यांकडे, मग हवेत आरशाचा चौकोन काढला. तरुण हसला. त्याला हे तमाशासारखं वाटलं असावं. पण त्याने वाकून मर्लिनच्या खिडकीवर टकटक केली आणि अंगठ्याने मागे दाखवलं.

मर्लिनने आरशात बघितलं.

डेरिकने मूठ डोक्यावर ठेवली.

इंजिन बंद झालं. मर्लिनने मागे वळून बघितलं नाही, तीन मिनिटं मोजली नाहीत. चावी फिरली आणि आवाज गेला. चावीबरोबर डिकीतला पेट्रोलचा पंपही थांबला. पाइपात उरलं होतं तेवढंच पेट्रोल आता गळणार होतं. पण लोखंड थंड व्हायला निदान अर्धा तास होता.

तो ओट्यावरून उतरला आणि माणसं ढकलत निघाला. लोक शिव्या देत बाजूला होत होते. वडापावच्या गाडीपाशी पोचल्यावर त्याने आधी तिथेच हात घातला आणि शेगडीची कळ फिरवली.

"अरे ए, तेल तापलंय माझं," वडेवाला म्हणाला.

"राहू दे. पाच मिनिटं."

"कोण तू? गॅसला हात कसा लावतोस?"

"गाडीखाली बघ," डेरिक म्हणाला.

वडेवाल्याने वाकून बघितलं. गाडीच्या पुढच्या चाकामागे डांबरावर एक ओला डाग होता, बशीएवढा. बघता बघता त्यात एक थेंब पडला. वडेवाल्याने सिलिंडरची कळही फिरवली. मग स्वतःहून मागे वळून, विडी ओठांत धरून काडी ओढायला निघालेल्या एका म्हाताऱ्याच्या हातातून त्याने काडेपेटी काढून घेतली.

डेरिकने डावं दार बाहेरून उघडलं.

"काय रे डेरिक, एवढ्या लांब आलास?" सॅन्टन काका म्हणाले. "पोरीवर विश्वास नाय तुझा?"

"उतरा काका."

"इथे? बस हलेल आता. बंद कशाला केली ती? मी तिला म्हटलं, ते बसवाले हॉर्न वाजवतायत, आपण पण वाजवू."

"काका, उतरा. पेट्रोल गळतंय."

काकांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. जहाजावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्याच्यापुढे सांगावं लागलं नाही. पण गुडघे त्यांचे होते तेच होते. डेरिकने त्यांच्या काखेत हात घातले, आणि पलीकडून मर्लिन उतरून धावत आली. तिने त्यांचे पाय धरले, आणि दोघांनी त्यांना पोत्यासारखं बाहेर काढलं. मोटारसायकलवाला फोन खिशात टाकून पुढे आला.

"मी घेतो," तो म्हणाला. "जितेंद्र नाव माझं. कुठे न्यायचंय बाबांना?"

"लांब," डेरिक म्हणाला. "आणि लोकांना मागे घे."

मर्लिनचा हात बॉनेटच्या खटक्याकडे गेला. डेरिकने तिचं मनगट धरलं.

"उघडू नकोस. हवा लागेल."

दोघं बॉनेटसमोर उभी राहिली. डेरिकने नळ्याची पिन काढून तोंड जाळीच्या फटीत धरलं. आतून लोखंड थंड होतानाचे टक टक आवाज येत होते. मध्येच एकदा आतल्या पत्र्यावर फुस्स झालं, तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसं. डेरिकचं बोट दांड्यावर आवळलं. पुन्हा तसंच झालं. मग बराच वेळ काही नाही. त्याला आपल्या दातांचा आवाज ऐकू येत होता आणि तो मर्लिनला ऐकू येऊ नये म्हणून त्याने जबडा आवळून धरला. मर्लिनने त्याच्या शर्टाची मागची कड मुठीत धरली होती. ती आठ वर्षांची असताना, विहिरीत वाकून बघायचं असलं, की असं धरायची.

साडेदहाच्या सुमारास एक बस मागे हटली. बाजार मोकळा व्हायला लागला. आग लागली नाही. लोकांनी काही वेळ वाट बघितली आणि ते निघून गेले. संध्याकाळपर्यंत जितेंद्रचं चित्रीकरण बऱ्याच जणांच्या फोनवर फिरलं. त्यात एक सुंदर निळी गाडी होती आणि ओट्यावर डोक्यावर मूठ ठेवून उभा असलेला एक माणूस. खाली कोणीतरी लिहिलं होतं, आगाशीत सकाळी सकाळी वेडा सुटला.

पावणेअकराला डेरिकने बॉनेट उघडलं.

पाइप खालच्या बाजूने फुगून फाटला होता. चीर बोटाच्या पेराएवढी. वरची पिवळी रेघ आणि अक्षरं जशीच्या तशी होती. आडव्या पत्र्यावर पेट्रोलचा माग दिसत होता. पेट्रोल उडून गेलं तिथे मिसळलेल्या तेलाचा तपकिरी ओघळ मागे उरला होता. त्याचा एक फाटा मागे जाऊन, बोल्टच्या भोकातून डांबरावर उतरला होता. दुसरा पुढे, मॅनिफोल्डच्या दिशेने आला होता. पत्र्याच्या कडेशी एक खळगा होता, तिथे तो थांबला होता. मर्लिनने खिशातून छोटी मोजपट्टी काढली आणि ओघळाच्या टोकापासून कडेपर्यंत धरली.

"अकरा मिलिमीटर," ती म्हणाली.

डेरिकने वाकून तो खळगा बघितला.

"बस अजून किती वेळ अडकली असती?"

"माहीत नाही."

"तुला कसं कळलं पण? तू तर गॅरेजमध्ये होतास."

वास आला म्हणून सांगता आलं असतं. मार्गारेटने फोन केला म्हणूनही सांगता आलं असतं, मार्गारेटने दुजोराही दिला असता. डेरिकने फाटलेला पाइप क्लिपेतून सोडवून हातात घेतला.

"बाटली बघितली," तो म्हणाला.

"आज?"

"आज. नऊ अडतीसला."

मर्लिनने मनात दिवस मोजले असावेत. तिने मोजपट्टी मिटली.

"आम्ही निघालो नऊ वीसला," ती म्हणाली.

"हो."

"मला निर्मळच्या आधीच वास आला होता. काका म्हणाले, रोटरीला येतोच. मी पण म्हटलं, पप्पा पण तेच सांगतो."

पलीकडे दुकानाच्या पायरीवर सॅन्टन काका वडापाव खात बसले होते. वडेवाल्याने शेगडी पुन्हा पेटवली होती आणि त्यांना पहिला वडा फुकट दिला होता. त्यांनी डेरिकच्या हातातला पाइप बघितला.

"मूळचा होता ना तो?" त्यांनी विचारलं. "आता गुण कापतील."

"कापू देत," मर्लिन म्हणाली. डेरिकच्या आधी.

गाडी टेम्पोवर चढवून सांडोरला आणली. गुरुवारी आणि शुक्रवारी मर्लिनने टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे पाइप बदलले, साध्या काळ्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे. डाव्या दाराला आतून खटका बसवला, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, रुपेरी. अग्निशामक नळा गालिचाला भोक पाडून काकांच्या सीटसमोर बोल्टने आवळला. डेरिकला तिने कशाबद्दलही विचारलं नाही आणि त्यानेही काही सुचवलं नाही. भिंतीवरचा फोनचा नियम तिने ओल्या फडक्याने पुसला. तिथली भिंत आता बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ दिसत होती.

शनिवारी सकाळी गाडी चालू करायची होती. डेरिक चालकाच्या जागी बसला, चावी लावली आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं?" मर्लिनने बाहेरून विचारलं.

"तू बस," तो म्हणाला आणि उतरला.

ती बसली. तो बॉनेटसमोर उभा राहिला, नेहमीच्या जागी. मर्लिनने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फिरकीत लागलं आणि गॅरेज आवाजाने भरलं. एरवी डेरिक अशा वेळी डोळे मिटून ऐकायचा, कुठली ठिणगी पुढे आहे, कुठली मागे. आज त्याचे डोळे उघडे होते आणि तो नव्या पाइपच्या सव्वा फुटाकडे बघत होता. पाइप कोरडा होता. पत्रा कोरडा होता. त्याने बोट फिरवून बघितलं, बोट कोरडं होतं. मर्लिन काचेतून त्याच्या हाताकडे बघत होती, तळहात वर व्हायची वाट बघत.

त्याचा हात वर गेला आणि मुठीत मिटून डोक्यावर बसला.

इंजिन बंद झालं.

"कुठे गळतंय?" मर्लिनने विचारलं.

"कुठे नाही."

"मग?"

"परत लाव."

तिने पुन्हा लावलं. या वेळी तो अर्ध्या मिनिटाने मूठ डोक्यावर घेऊन उभा होता. तिने पुन्हा इंजिन बंद केलं. तिसऱ्यांदा तेच झालं. दाराशी खुर्चीत बसलेले सॅन्टन काका काहीतरी म्हणायला गेले, पण मर्लिनने त्यांच्याकडे बघितल्यावर गप्प बसले.

चौथ्यांदा तिने काही न विचारता चावीला हात लावला आणि काचेतून बापाच्या हाताकडे बघत राहिली.